युलिसिस ग्रँट : साध्या डगल्यातला सेनापती

१८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी त्या लोकांनी निःस्वार्थ बुद्धीने जी झीज सोसली तिच्याबद्दल जोतीरावांना आदर होता, आणि तोच कित्ता गिरवून आपल्या देशबांधवांनी इथल्या शूद्रांना दास्यातून सोडवावे, अशी आस त्या अर्पणपत्रिकेत होती. मराठी वाचकाला ही अर्पणपत्रिका ठाऊक असते. तिच्यात ज्या सुटकेचा गौरव आहे ती रणांगणावर कोणी घडवून आणली, हे मात्र फारसे ठाऊक नसते. 'गुलामगिरी' निघाली त्या वर्षी तो माणूस वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षपदाची दुसरी कारकीर्द सुरू करत होता. त्याचे नाव युलिसिस ग्रँट.

लिंकनचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. त्याच्या नावावर फिरणारे हेडमास्तरांना पत्र कितीतरी घरांत भिंतीवर चौकटीत लावलेले असते. ग्रँटच्या वाट्याला असे काही आले नाही. खुद्द अमेरिकेतही त्याच्या मृत्यूनंतर बराच काळ त्याचे नाव निघाले की पाठोपाठ दोन विशेषणे यायची : दारुडा आणि कसाई. दारूचा आरोप अगदीच निराधार नव्हता, पण तो त्याच्या आयुष्यातल्या थोड्या काळाला लागू होतो. कसाईपणाचा आरोप तपासायला हवा. आणि या दोन शब्दांपलीकडे जो माणूस उरतो तो विलक्षण आहे. वयाच्या ३८व्या वर्षी बापाच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली नोकरी करणारा हा गृहस्थ ४२व्या वर्षाला टेकण्याआधीच देशाच्या साऱ्या फौजांचा प्रमुख झाला. असे काय घडले, आणि त्याच्यात असे काय होते, हा प्रश्न मनात ठेवूनच त्याचे चरित्र वाचायला हवे.

जन्म २७ एप्रिल १८२२ चा, ओहायो राज्यातल्या पॉइंट प्लेझंट या लहानशा वस्तीतला. बाप जेसी ग्रँट कातडी कमावण्याचा धंदा करी. बोलघेवडा, महत्त्वाकांक्षी माणूस. आई हॅना अतिशय अबोल. मुलगा आईवर गेला. बापाच्या कारखान्यातला रक्ताळलेल्या कातड्यांचा वास आणि दृश्य त्याला सहन होत नसे. हजारो माणसांना मृत्यूच्या तोंडी पाठवणारा हा सेनापती जन्मभर मांस पार करपवून खात असे, ताटात लाल थेंब दिसला तरी ताट दूर सारी. त्याचा जीव होता तो घोड्यांवर. लहानपणापासून भल्याभल्यांना दाद न देणारे घोडे तो माणसाळवी. १८६४ च्या घनघोर धुमश्चक्रीत एक गाडीवान घोड्याच्या तोंडावर मारताना दिसला, तेव्हा हा शांत माणूस संतापून त्याच्यावर धावला आणि त्याला कित्येक तास झाडाला बांधून ठेवण्याचा हुकूम दिला. युद्धाच्या काळात त्याचा एवढा राग फार थोड्या वेळा कोणी पाहिला.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात तो गेला बापाच्या हट्टाने. शिफारस करणाऱ्या काँग्रेस सदस्याने नाव लिहिताना घोटाळा केला. हायरम युलिसिस ग्रँटचा युलिसिस एस. ग्रँट झाला तो कायमचाच. १८४३ साली ३९ जणांच्या वर्गात २१वा येऊन तो बाहेर पडला. घोडेस्वारीत पहिला, बाकी सगळीकडे मधला.

पुढे आले मेक्सिकोचे युद्ध. ग्रँटच्या मते ते बलाढ्य राष्ट्राने दुबळ्या राष्ट्रावर लादलेले अन्याय्य युद्ध होते, आणि हे मत त्याने पुढे आत्मचरित्रात उघडपणे लिहिले. पण लढला तो मन लावून. रसदपुरवठ्याचे काम त्याच्याकडे होते. खेचरे किती लागतील, एका गाडीत दाणागोटा किती मावतो, पाऊस लागला तर वाटेत किती दिवस मोडतील, हा हिशेब तो तिथे शिकला. मोठमोठ्या सेनापतींच्या चरित्रांत या भागावर कोणी रेंगाळत नाही, पण पुढे मिळालेला व्हिक्सबर्गचा विजय या हिशेबातून जन्मला आहे.

१८४८ मध्ये त्याने ज्युलिया डेंटशी लग्न केले. डेंट कुटुंब मिसुरीतले, गुलाम बाळगणारे. ग्रँटचा बाप गुलामगिरीचा कट्टर विरोधक. तो आणि हॅना मुलाच्या लग्नाला गेलेच नाहीत. पुढे देशात जे भांडण पेटले ते या घरात आधीच चालू होते. सासरा एका टोकाला, बाप दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये हा न बोलणारा तरुण. ज्युलियावर त्याचे आयुष्यभर निरतिशय प्रेम राहिले. तिच्यापासून दूर, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओसाड ठाण्यांत त्याची नेमणूक झाली, तेव्हा तो एकटेपणाने खचला, दारूच्या आहारी गेला, आणि १८५४ मध्ये त्याने लष्कराचा राजीनामा दिला.

त्यानंतरची सात वर्षे म्हणजे नुसते अपयश. सेंट लुईजवळ सासऱ्याने दिलेल्या जमिनीवर शेती केली, ती बसली. स्वतःच्या हाताने लाकडी घर बांधले. जळाऊ लाकूड गाडीत भरून तो शहरात विकायला नेई; जुने लष्करी मित्र रस्त्यात भेटत आणि त्याच्या अंगावरचा विटका लष्करी कोट बघून चपापत. १८५७ च्या नाताळाच्या तोंडावर त्याने आपले सोन्याचे घड्याळ २२ डॉलरला गहाण टाकले. ती गहाणाची पावती आजही टिकून आहे.

आणि या कंगालीतच त्याने एक गोष्ट केली. विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम सासऱ्याकडून त्याच्याकडे आला होता. बाजारात त्या काळी धडधाकट पुरुष गुलामाचे सहज हजार डॉलर येत. ग्रँटची सारी देणी त्यात फिटली असती. मार्च १८५९ मध्ये तो न्यायालयात गेला आणि जोन्सला मुक्त केल्याचा कागद करून आला. याचा अर्थ तो तेव्हा गुलामगिरीविरोधी चळवळीत होता असा नाही; राजकारणात त्याला गती नव्हती आणि बायकोच्या माहेरचे गुलाम त्याच्या घरात राबत होतेच. त्याची समज पुढे युद्धात वाढत गेली. पण माणूस विकून पैसा करायचा नाही, एवढे त्याला घड्याळ गहाण पडले असतानाही कळत होते.

१८६१ च्या एप्रिलमध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या बंडखोरांनी फोर्ट समटर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या आणि यादवी युद्ध पेटले. तेव्हा ग्रँट इलिनॉयमधल्या गलीना गावी बापाच्या चामड्याच्या दुकानात हिशेब लिहीत होता. वेस्ट पॉइंटचा शिकलेला माणूस म्हणून गावाने त्याला पुढे केले, आणि जूनमध्ये २१व्या इलिनॉय पायदळाचे कर्नलपद मिळाले. त्याची पहिली स्वतंत्र मोहीम होती मिसुरीत हॅरिस नावाच्या बंडखोर कर्नलवर. टेकडी चढताना काळीज घशात आले होते, असे तो सांगतो. वर जाऊन पाहतो तो छावणी रिकामी, शत्रू आधीच पसार. त्या क्षणी त्याच्या लक्षात आले की आपल्याला शत्रूची जेवढी भीती वाटते तेवढीच शत्रूला आपली वाटत असते. हा प्रसंग घडला मिसुरीतल्या फ्लोरिडा गावाजवळ. याच गावात मार्क ट्वेनचा जन्म झाला होता, आणि त्याच उन्हाळ्यात त्याच मुलखात तरुण ट्वेन बंडखोरांच्या एका हौशी तुकडीबरोबर काही दिवस हिंडून घरी परतला होता. पुढे हे दोघे एका पुस्तकाच्या निमित्ताने एकत्र आले. त्याबद्दल पुढे.

फेब्रुवारी १८६२ मध्ये टेनेसीतला फोर्ट डोनेल्सन पडला. किल्ल्याचा सेनापती सायमन बकनर हा ग्रँटचा जुना मित्र. राजीनामा देऊन ग्रँट न्यूयॉर्कमध्ये निष्कांचन अडकला असताना हॉटेलच्या बिलासाठी त्यानेच हमी भरली होती. बकनरने तहाच्या अटी विचारल्या. ग्रँटने कळवले : बिनशर्त शरणागती, दुसरे काही नाही. बारा हजारांहून अधिक सैनिक कैद झाले आणि उत्तरेत ग्रँटचे नाव दुमदुमले. शरणागती झाल्यावर मात्र तो बकनरला बाजूला घेऊन गेला आणि आपल्या पैशांची पिशवी त्याच्यापुढे धरली.

एप्रिलमध्ये शायलोला मात्र तो गाफील पकडला गेला. पहिल्या दिवशी त्याची फौज नदीच्या काठापर्यंत रेटली गेली. दुसऱ्या कोणत्याही सेनापतीने रात्रीतून माघार घेतली असती. ग्रँट पावसात झाडाखाली उभा राहिला आणि सकाळी त्याने उलट हल्ला चढवला. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २४ हजार लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. हे युद्ध एखाद-दुसऱ्या लढाईत मिटणार नाही, दक्षिणेची सारी ताकद मोडावी लागेल, हे त्याला तिथे उमगले.

चरित्रनायकाची बाजू घ्यायची म्हणून डाग झाकायचे नसतात. डिसेंबर १८६२ मध्ये ग्रँटने एक हुकूम काढला : कापसाच्या चोरट्या व्यापारासाठी सबंध ज्यू समाजाला दोषी धरून त्यांना आपल्या हद्दीतून हद्दपार करण्याचा. काही कुटुंबांना खरोखरच घर सोडावे लागले. लिंकनने जानेवारीत तो हुकूम रद्द केला. अत्यंत लाजिरवाणी अशी ही गोष्ट ग्रँटला पुढे कायम बोचत राहिली. अध्यक्ष असताना त्याने अनेक ज्यूंना सरकारी पदांवर नेमले आणि १८७६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका नव्या सिनेगॉगच्या उद्घाटनाला तो जातीने हजर राहिला. हुकूम निघाला हे खरे, आणि तो माणूस त्यानंतर बदलला हेही खरे.

व्हिक्सबर्गची मोहीम मात्र सावकाश वाचावी. मिसिसिपी नदीच्या एका तीव्र वळणावर, उंच कड्यावर हे शहर वसलेले. त्याच्या तोफांनी सबंध नदी अडवून धरली होती. उत्तरेकडून दलदल, समोरून कडा. १८६२-६३ चा हिवाळा ग्रँटने कालवे खणण्यात आणि खाड्यांतून वाटा शोधण्यात घालवला, आणि एकही उपाय लागू पडला नाही. वर्तमानपत्रे त्याला काढून टाका म्हणून ओरडू लागली. मग त्याने ठरवले की सैन्य नदीच्या पश्चिम काठाने शहराच्या खाली, दक्षिणेला न्यायचे. आरमाराने रात्री व्हिक्सबर्गच्या तोफांच्या तोंडून खाली यायचे. तिथे नदी ओलांडायची आणि शहरावर मागून जायचे. शर्मन हा त्याचा सर्वांत जवळचा सहकारी. त्यालासुद्धा हा वेडेपणा वाटला आणि त्याने तसे लेखी कळवले. ग्रँटने पत्र खिशात टाकले आणि बेत चालू ठेवला.

१६ एप्रिलच्या रात्री अ‍ॅडमिरल पोर्टरची जहाजे निघाली. काठावर बंडखोरांनी घरे पेटवून नदी उजळून टाकली, तोफा धडाडल्या. तरीही एक वगळता सगळी जहाजे खाली पोचली. ३० एप्रिलला ग्रँटची फौज पूर्व किनाऱ्यावर उतरली. त्या घडीला आपल्याला जेवढा सुटका झाल्यासारखा आनंद झाला तेवढा क्वचितच झाला असेल, असे त्याने नोंदवले आहे. आता पुढे शत्रूच्या दोन फौजा होत्या, मागे नदी आणि नदीपलीकडे चिखलाचा लांबच लांब रस्ता. अन्नासाठी मागच्या रसदीवर विसंबायचे नाही, मुलखातून मिळेल त्यावर भागवायचे, असे त्याने ठरवले. गाड्यांत मुख्यतः दारूगोळा भरला. मग सरळ व्हिक्सबर्गवर न जाता तो आधी पूर्वेला जॅक्सनकडे वळला आणि दोन फौजांच्या मध्ये घुसला. १ मे पोर्ट गिब्सन, १२ मे रेमंड, १४ मे जॅक्सन, १६ मे चँपियन हिल, १७ मे बिग ब्लॅक. पाच लढाया, पाचही जिंकल्या. घोड्यावर एक तंबूसुद्धा बरोबर न घेता हिंडणाऱ्या बापासोबत बारा वर्षांचा थोरला मुलगा फ्रेड होता. पोराला पायात गोळी चाटून गेली. शहराला वेढा पडला. घाईने केलेले दोन हल्ले फसले, मग खंदक खणले गेले. आत लोक खेचरांचे मांस खाऊ लागले. ४ जुलै १८६३ रोजी तिथला बंडखोर सेनापती पेंबर्टन याने सुमारे २९ हजार माणसांसह शहर हवाली केले.

नंतर लिंकनने ग्रँटला एक पत्र लिहिले. दोघांची तोवर भेटही झालेली नव्हती. उत्तरेला वळणे ही चूक आहे असे आपल्याला वाटले होते, तुमचे बरोबर होते आणि माझे चुकले, अशी स्वच्छ कबुली देशाच्या अध्यक्षाने त्यात दिली आहे. पत्र देणारा आणि घेणारा, दोघांचीही उंची त्यातून कळते.

ग्रँटकडे शर्मनसारखी तेज वाणी नव्हती, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्यासारखे भारदस्त रूप नव्हते. उंची बेताची, खांदे किंचित झुकलेले, तोंडात चिरूट. मग त्याच्यात होते काय? याचे उत्तर होरेस पोर्टर या अधिकाऱ्याने करून ठेवलेल्या एका वर्णनात सापडते. ऑक्टोबर १८६३ मध्ये पावसात भिजलेला, चिखलाने माखलेला ग्रँट चॅटनूगाला पोचला. तिथे वेढ्यात अडकलेली फौज अर्धपोटी होती. त्याने अधिकाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले, मोजके प्रश्न विचारले, मग टेबलाशी वळून लिहायला बसला. लेखणी एकसारखी चालत होती, खाडाखोड नाही, शब्दासाठी अडणे नाही. पान भरले की ते टेबलावरून खाली जमिनीवर सरकवायचे आणि दुसरे घ्यायचे. शेवटी वाकून सगळी पाने गोळा केली, क्रम लावला, नजर फिरवली आणि उठला. पोर्टरने ते कागद वाचले. त्यांत रसद, कुमक, पुढची हालचाल, सगळ्याचे हुकूम होते. मिसिसिपीपासून टेनेसीच्या डोंगरांपर्यंतचा मुलूख त्या पानांत मांडला होता आणि कुठल्याही वाक्याचा दुसरा अर्थ निघत नव्हता. पूर्वेकडच्या फौजेतल्या एका अनुभवी अधिकाऱ्यानेही पुढे म्हटले की ग्रँटचा हुकूम कितीही घाईत लिहिलेला असो, तो समजण्यासाठी कोणाला दुसऱ्यांदा वाचावा लागत नाही. ज्याला समोरचे स्पष्ट दिसते तोच असे लिहू शकतो. त्याचे सेनापतिपण आणि त्याचे लेखकपण या एकाच झऱ्यातून आले आहे, आणि चरित्र वाचताना हा धागा हातचा सोडू नये.

मार्च १८६४ मध्ये लिंकनने त्याला लेफ्टनंट जनरल करून सगळ्या फौजा त्याच्या हाती दिल्या. मे महिन्यात व्हर्जिनियात रॉबर्ट ली आणि ग्रँट प्रथमच समोरासमोर आले. विल्डरनेसच्या जंगलात दोन दिवस भीषण लढाई झाली. झाडी पेटली, जखमी माणसे जळून मेली. व्हर्जिनियात तोवरचे सेनापती लीशी भिडल्यावर माघारी वळले होते. ७ मेच्या रात्री फौज चालू लागली. सैनिकांना वाटले, पुन्हा तेच. मग ते रस्त्याच्या फाट्यावर आले आणि रांगा दक्षिणेला वळल्या. थकलेल्या, सोबती गमावलेल्या त्या माणसांनी अंधारात जयघोष सुरू केला. पुढे होती स्पॉटसिल्व्हेनिया, मग कोल्ड हार्बर. ३ जूनचा कोल्ड हार्बरचा हल्ला ही घोर चूक होती. तो हल्ला केल्याचा पश्चात्ताप आपल्याला कायम होत राहिला, हे ग्रँटने स्वतः लिहिले. त्या मोहिमेत उत्तरेची सुमारे ५५ हजार माणसे कामी आली, जखमी झाली किंवा पकडली गेली. 'कसाई' ही पदवी इथली.

पण ली कुठल्याही हिशेबाने माणसे वाचवणारा सेनापती नव्हता. आपल्या फौजेच्या प्रमाणात पाहिले तर त्याने ग्रँटपेक्षा जास्त माणसे गमावली. आणि ग्रँटने एक गोष्ट साधली, जी आधीच्या कोणालाही साधली नव्हती : सगळ्या आघाड्या एकाच वेळी हलवल्या. ली व्हर्जिनियात जखडला गेला, म्हणूनच शर्मन अ‍ॅटलांटा घेऊन समुद्रापर्यंत जाऊ शकला. उत्तरेच्या फौजेत तोवर काळे सैनिक मोठ्या संख्येने आले होते. युद्धभरात त्यांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार झाली. १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये लीने कैद्यांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव पाठवला. काळे सैनिकही गोऱ्यांच्या बरोबरीने सोडणार का, असे ग्रँटने विचारले. पळालेले गुलाम ही मालकांची मालमत्ता आहे, ते देता येणार नाहीत, असे उत्तर आले. आपल्या सरकारने ज्याला सैन्यात घेतले त्या प्रत्येकाचा हक्क सांभाळायला सरकार बांधील आहे, असे कळवून ग्रँटने प्रस्ताव नाकारला. विल्यम जोन्सला मोकळे करणारा माणूस आता किती पुढे आला होता, ते इथे दिसते.

व्हर्जिनियात पीटर्सबर्गला लीच्या फौजेभोवती पडलेला वेढा नऊ महिन्यांहून अधिक चालला. ९ एप्रिल १८६५ रोजी अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस या खेड्यात विल्मर मॅक्लीन नावाच्या गृहस्थाच्या बैठकीत ली आणि ग्रँट शरणागतीसाठी भेटले. लीने नवा कोरा गणवेश घातला होता, कमरेला सुंदर तलवार होती. ग्रँट आला तो साध्या शिपायाच्या डगल्यात, खांद्यावर तेवढ्या हुद्द्याच्या पट्ट्या, बुटांवर चिखल. दोघे आधी मेक्सिकोच्या आठवणी बोलत बसले. ग्रँट बोलण्यात इतका रमला की लीलाच मुद्द्याची आठवण करून द्यावी लागली. मग ग्रँटने वही ओढली आणि एका बैठकीत अटी लिहिल्या : शस्त्रे ठेवा, पुन्हा लढणार नाही असे वचन द्या, घरी जा, तिथे कायदे पाळाल तोवर तुम्हाला कोणी त्रास देणार नाही. लीने सांगितले की आमच्याकडे साध्या शिपायांचे घोडेही त्यांच्या मालकीचे असतात. बहुतेक सगळे लहान शेतकरी असणार, पेरणी तोंडावर आहे, घोडे-खेचरे घरी नेऊ द्या, असे ग्रँटने ठरवले. लीच्या उपाशी सैन्याला २५ हजार माणसांचा शिधा पाठवला. अटींची स्वच्छ प्रत केली ईली पार्कर या सेनेका जमातीच्या मूळ अमेरिकन अधिकाऱ्याने. बाहेर विजयाच्या तोफा सुरू झाल्या, तेव्हा ग्रँटने त्या थांबवायला लावल्या. बंडखोर आता पुन्हा आपले देशबांधव झाले आहेत, अशी त्याची भूमिका होती. काही आठवड्यांत लीवर राजद्रोहाचा खटला भरण्याची हालचाल झाली. आपण दिलेला शब्द सरकारने मोडला तर राजीनामा देऊ, असे ग्रँटने लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सनला सुनावले. खटला बारगळला.

युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली होती. सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले होते. त्या मुक्तीचे पुढे काय करायचे, याचा सामना ग्रँटला अध्यक्ष म्हणून करावा लागला. १८७० मध्ये वर्णाच्या कारणाने मताधिकार नाकारता येणार नाही, अशी पंधरावी घटनादुरुस्ती लागू झाली. मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा पहिला काळा सिनेटर निवडून आला. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेने रात्री घरे जाळणे, फटके मारणे, खून करणे चालवले, तेव्हा ग्रँटने १८७१ मध्ये काँग्रेसकडून कायदा करवून घेतला, साउथ कॅरोलायनाच्या नऊ कौंटींत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क, स्थगित करून फौज धाडली, आणि शेकडो लोकांना पकडले. ती क्लॅन मोडली.

पण १८७३ सालीच, एप्रिल महिन्यात, लुइझियानातल्या कोलफॅक्सला गोऱ्या जमावाने डझनावारी काळ्या माणसांची कत्तल केली. ज्या वर्षी जोतीराव अमेरिकेतल्या सज्जनांना पुस्तक अर्पण करत होते त्याच वर्षी तिथे हे चालू होते. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात झालेल्या शिक्षा रद्द केल्या आणि केंद्राचे हात बांधले. उत्तरेतले लोकही कंटाळले होते, त्यात १८७३ ची मंदी. १८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरने निवडणुकीतल्या दहशतीविरुद्ध फौज मागितली. ग्रँटने ती दिली नाही. रणांगणावर माघार न घेणाऱ्या माणसाची ही माघार. तिचे परिणाम काळ्या अमेरिकनांनी जवळजवळ नव्वद वर्षे भोगले. ग्रँटवर लिहिणाऱ्या कोणीही या जागी त्याला सोडू नये.

भ्रष्टाचाराच्या भानगडींबद्दल तर इतके लिहिले गेले आहे की त्याची अध्यक्षीय कारकीर्द म्हणजे तेवढेच, असा समज झाला. दारूवरचा कर बुडवणाऱ्या टोळीत त्याचा खास सचिव बॅबकॉक अडकला. ग्रँटने त्याच्या बाजूने साक्ष दिली. युद्धमंत्री बेलनॅपला लाचेपायी जावे लागले. स्वतः ग्रँटने एक पैसा खाल्ला नाही. नकाशा पाहून शत्रूचा डाव ओळखणाऱ्या या माणसाला शेजारी बसलेल्याचा डाव कधी ओळखता आला नाही.

अध्यक्षपद सुटल्यावर अडीच वर्षे तो ज्युलियासह जगभर फिरला. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईला उतरला आणि तिथून आगगाडीने उत्तर हिंदुस्थान पाहत कलकत्त्याला गेला. पुढे चीन आणि जपानमध्ये त्याचे प्रचंड स्वागत झाले. परतल्यावर पैशाचा प्रश्न उभा राहिला, कारण माजी अध्यक्षांना तेव्हा पेन्शन नव्हती. न्यूयॉर्कमध्ये मुलगा बक आणि फर्डिनंड वॉर्ड नावाचा तरुण यांच्या पेढीत ग्रँटने सारी पुंजी गुंतवली. वॉर्ड एकाचे पैसे घेऊन दुसऱ्याला नफा म्हणून देत होता. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. ग्रँटच्या घरात रोख निघाले जेमतेम दोनशे डॉलर. बुडण्याच्या दोन दिवस आधी वॉर्डच्या सांगण्यावरून त्याने विल्यम व्हँडरबिल्टकडून दीड लाख डॉलर उसने आणले होते. त्यापोटी त्याने आपल्या तलवारी, पदके, जगभरातून मिळालेल्या भेटी देऊन टाकल्या.

त्याच उन्हाळ्यात घास गिळताना घसा दुखू लागला. कर्करोग निघाला.

चरितार्थासाठी 'सेंच्युरी' मासिकात युद्धाचे लेख लिहायचे त्याने कबूल केले. शायलोवरचा पहिला लेख म्हणजे कोरडा सरकारी अहवाल होता. संपादक जॉन्सन भेटायला आला आणि बोलता बोलता ग्रँट त्या लढाईच्या गोष्टी सांगू लागला. जॉन्सन म्हणाला, अगदी असेच लिहा. ६२ वर्षांचा तो माणूस निमूटपणे शिकला आणि लेख पुन्हा लिहिला. मग मार्क ट्वेन पुढे आला. नफ्यातला ७० टक्के वाटा देऊ करून त्याने आत्मचरित्र आपल्या प्रकाशनाकडे घेतले. ग्रँट सुरुवातीला हाताने लिही, मग लेखनिकाला सांगे, मग आवाज गेला तेव्हा पुन्हा हाताने. घशाला कोकेनचा बोळा लावल्याशिवाय पाण्याचा घोट उतरत नसे. जून १८८५ मध्ये त्याला माउंट मॅक्ग्रेगर या थंड हवेच्या ठिकाणी हलवले. तिथे व्हरांड्यात, खांद्यावर शाल, डोक्याला लोकरी टोपी, असा तो लिहीत बसे. बोलायचे ते चिठ्ठ्यांवर. भेटायला आलेल्यांत डोनेल्सनचा बकनरही होता. जुलैच्या मध्यास काम संपले आणि २३ जुलैला तो गेला.

दोन खंडांच्या त्या ग्रंथाच्या तीन लाखांवर प्रती खपल्या. माजी सैनिक घरोघर जाऊन मागणी नोंदवत. ज्युलियाला चार लाख डॉलरहून अधिक मिळाले. ट्वेन पुढे स्वतः दिवाळखोर झाला, कर्ज फेडायला जगभर व्याख्याने देत निघाला आणि १८९६ च्या जानेवारीत तोही मुंबईला येऊन गेला.

आत्मचरित्र युद्धाशी थांबते. अध्यक्षपदाची आठ वर्षे त्यात नाहीत. ती पोकळी विरोधकांनी भरली. दक्षिणेच्या पराभूत सेनापतींनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी युद्धाचा इतिहास असा रचला की ली झाला उदात्त, ग्रँट केवळ संख्याबळावर जिंकलेला, आणि गुलामगिरी हे युद्धाचे कारणच नव्हते. पाठ्यपुस्तकांतून, पुतळ्यांतून हे पिढ्यान्‌पिढ्या बिंबवले गेले. काळ्या नागरिकांच्या हक्कांची चळवळ उभी राहिल्यावर इतिहासकारांनी कागद पुन्हा उघडले, तेव्हा ग्रँट वेगळा दिसू लागला. अभ्यासकांनी त्याची पत्रे, हुकूम, चिठ्ठ्या जमवून ३२ खंडांत छापल्या. त्या कामाला जवळपास अर्धशतक लागले. तो सारा संग्रह आता मिसिसिपी राज्याच्या सरकारी विद्यापीठात, स्टार्कव्हिल गावी आहे. व्हिक्सबर्ग त्याच राज्यात. तिथल्या कड्यावरच्या राष्ट्रीय दफनभूमीत उत्तरेचे १७ हजारांवर सैनिक पुरलेले आहेत, त्यांत हजारो काळे सैनिक आहेत, आणि बहुतेक थडग्यांवर नावाऐवजी नुसता आकडा आहे.